चार तुकड्यांची पंगत

कल्याणच्या पारनाक्यावर विश्रामराव ताम्हाण्यांच्या घरी प्यायला पाणी मागणं हे जरा धाडसाचं काम होतं. तांब्या-भांडं यायचं, पाणी स्वच्छ दिसायचं, पण घोट घेतला की पाहुण्याच्या कपाळाला आठी पडायची. लगेच विश्रामराव पुढे सरकून, डोळे बारीक करून विचारायचे, "कडू लागलं?" पाहुणा भिडेखातर 'छे छे' म्हणाला तर ते हिरमुसायचे. 'हो' म्हणाला तर कोटाच्या खिशातून वही निघायची आणि पाहुण्याचं नाव, वय आणि तो तंबाखू खातो की नाही, हे सगळं तीत टिपलं जायचं.

साल होतं १८९२. विश्रामरावांचं वय अडतीस, आणि ते गावातल्या दवाखान्यात कंपौंडर होते. तरुणपणी ते मुंबईला डॉक्टरी शिकायला गेले होते. चिरफाडीच्या खोलीत पहिल्या दिवशी ते कोसळले, दुसऱ्या दिवशी कोसळले, आणि तिसऱ्या दिवशी आत जाण्याआधी दारातच कोसळले, तेव्हा मास्तरांनी त्यांना घरची वाट धरायला सांगितलं. कल्याणात मात्र 'मुंबईची हवा मानवली नाही' एवढंच कळलं. वडिलांनी हौसेने 'डॉ. वि. ल. ताम्हाणे' अशी सागवानी पाटी आधीच रंगवून घेतली होती. ती पुढे बारा वर्षं मोरीतल्या हंड्यावर झाकण म्हणून पालथी पडून राहिली. पाणी काढताना विश्रामराव तिच्याकडे बघत नसत.

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपलं नाव एकदा छापलेलं दिसावं, आणि तेही शास्त्राच्या पुस्तकात. ज्ञातीच्या सभेच्या अहवालात ते दोनदा छापून आलं होतं, पण ते त्यांच्या हिशेबी धरण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षी चैत्रात मुंबईहून एक छापील पत्रक दवाखान्यात आलं. देशी औषधी वनस्पतींचा शोध घेण्यासाठी एक कमिटी बसली होती, आणि मुफसलातल्या, म्हणजे मुंबईबाहेरच्या गावांतल्या, माहीतगार लोकांनी आपापले प्रयोग कळवावेत, चांगले असतील ते नावानिशी पुस्तकात छापू, असं तिचं म्हणणं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते पत्रक पुड्या बांधायला ठेवलं. विश्रामरावांनी ते उचलून घडी करून छातीशी धरलं, आणि त्या दिवशी तीन रोग्यांना एकमेकांची औषधं गेली. सुदैवाने तिन्ही औषधं पोटदुखीचीच होती.

विश्रामरावांची कल्पना खरोखरच चांगली होती, हे त्यांची थट्टा करणाऱ्यांनीही कबूल करायला हवं. तापावर कोयनेल उत्तम, पण ते विलायतेहून येणार आणि गरिबाला परवडणार नाही. काडेचिराईत येतं ते नेपाळच्या डोंगरातून. मग आपल्याकडे बांधावर उगवणारं ओलं किराईत काय वाईट? तेही तितकंच कडू. ते खाडीकाठच्या खाऱ्या, पडीक जमिनीत पिकवता आलं, नीट वाळवता आलं आणि त्याच्या काढ्याने ताप उतरतो हे दाखवता आलं, तर सगळ्या ठाणे जिल्ह्याचा ताप ठाणे जिल्ह्यातच उतरेल. शेती, औषध आणि यंत्र, तिन्ही एकाच माणसाने करायची होती. तो माणूस तयारच होता.

यंत्र आधी झालं. उन्हाने पाला काळा पडतो म्हणून त्यांनी काचेच्या झाकणाची एक पेटी बनवली. तळाला जाड फळी हवी होती. सुतार म्हणाला, घरात जुनी एखादी असेल तर बघा. विश्रामरावांनी मोरीतलं झाकण आणून दिलं आणि 'अक्षरं खालच्या बाजूला घे' एवढंच सांगितलं. पेटीत किराईत छान हिरवंगार वाळलं. त्याहूनही छान पोह्याचे पापड वाळतात, हा शोध त्यांच्या पत्नीने, सुमतीबाईंनी, दुसऱ्याच आठवड्यात लावला, आणि पेटी अर्धा दिवस शास्त्राला व अर्धा दिवस पापडांना अशी वाटून घेतली गेली.

कडूपणा मोजायचं यंत्र मात्र कुठे मिळेना. तेव्हा विश्रामरावांनी युक्ती काढली. एक चमचा काढा एका वाटी पाण्यात, मग दोन वाट्यांत, मग तीन, असं पातळ करत जायचं आणि किती वाट्यांपर्यंत जिभेला कडू कळतं ते मोजायचं. जितक्या वाट्या, तितका कडूपणा. पाहुण्यांचं कडू पाणी ते हेच. बहुतेकांच्या जिभा वीस वाट्यांच्या आत हात टेकायच्या, खुद्द विश्रामरावांची अठरालाच. सुमतीबाईंची जीभ एकेचाळीस वाट्यांपर्यंत गेली. त्यांच्या जिभेची पारनाक्यावर ख्याती आधीपासूनच होती, पण ती निराळ्या कारणाने.

"लग्नाला वीस वर्षं झाली," सुमतीबाई चूळ भरून म्हणाल्या, "आणि माझी जीभ कामाची आहे हे आज लिहून ठेवलंत. तारीख घाला हो पुढे."

विश्रामरावांनी खरोखरच तारीख घातली.

आता राहिली शेती. विश्रामरावांना कुंडीत तुळससुद्धा धड जगवता येत नसे. पण शीळच्या वाटेवर, खाडीच्या अंगाला, पंढरी मढवी नावाचा आगरी कुणबी त्यांच्या ओळखीचा होता. त्याचं थोडं भातशेत होतं, तो थोडी मिठागराची कामं करायचा आणि त्याची एक होडी होती. त्याच्या हाताला झालेलं गळू विश्रामरावांनी एकदा, स्वतः डोळे मिटून का होईना, फोडलं होतं. ते उपकार स्मरून पंढरीने बांधालगतची खारी पट्टी प्रयोगाला दिली. पट्टी राखायची मात्र त्याच्या बायकोने, सखुबाईने.

आषाढात विश्रामराव छत्री, दोरी आणि खुंट्या घेऊन हजर झाले. त्यांनी पट्टीचे चार सारखे तुकडे आखले आणि समजावून सांगितलं. चौथ्याला शेणखत. तिसऱ्याला कुजवलेली मासळी. दुसऱ्याला राबाची, म्हणजे जाळलेल्या पाल्याची, राख. पहिल्याला काहीही नाही.

सखुबाई कासोटा खोचून चिखलात उभी होती. तिने चारही तुकड्यांकडे पाहिलं.

"डागदरबाबा, यो पयला उपाशी कनाला?" तिने विचारलं. त्या बाजूला विश्रामरावांना सगळे डागदरबाबाच म्हणत, आणि ते कधी दुरुस्ती करत नसत.

"तो प्रयोग आहे, सखुबाई. त्याला काही दिलं नाही, तर बाकीच्यांना दिल्याचा उपयोग किती झाला ते कळेल."

"पन त्यानी काय गुन्हा केला?"

"गुन्हा नाही. हे शास्त्र आहे."

"उपाशी ठेवला तं वाढाचा नाय, यो आमाला आताच ठावं हाय."

विश्रामराव हसले. अडाणी माणसाचं बोलणं ऐकून सुशिक्षित माणूस जसा प्रेमाने हसतो, तसे. "ठाऊक असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं," ते म्हणाले. पंढरीने जोरात मान डोलावली, कारण सरकारी पत्रक वगैरे असलं की मान डोलवावी, असा त्याचा अनुभव होता. सखुबाई काही बोलली नाही.

इकडे दवाखान्यात दुसरा भाग सुरू झाला. श्रावणाबरोबर हिवताप आला आणि दवाखान्याचा ओटा सकाळी तापकऱ्यांनी भरून जाऊ लागला. पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, की अर्ध्या रोग्यांना औषध द्यावं, अर्ध्यांना देऊ नये, आणि मग ताप कुणाचा कधी उतरतो ते ताडून पाहावं. डॉक्टर उशिरा येत, सकाळचा ओटा विश्रामरावांच्याच हाती असे. तेव्हा त्यांनी ओट्यावर ओळीने बसलेल्यांत एकाआड एक माणूस ठरवला. एकाला किराईताचा काढा. त्याच्या शेजारच्याला बडीशेपेचं पाणी, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून त्यात काळा गूळ. वहीत दोन रकाने पाडले.

पहिल्या दिवशी सगळं ठीक पार पडलं. दुसऱ्या दिवशी बडीशेपेच्या जागी रंगूबाई नावाची म्हातारी बसली. तिचे दात वाजत होते. तिने दोन्ही हातांनी वाटी धरली आणि "बाबा, तुझ्या हाताला गुण आहे," म्हणाली. विश्रामरावांनी वाटी तिच्या हातून परत घेतली, "ही गार झाली," म्हणाले आणि काढ्याची आणून दिली. वहीत तिचं नाव बडीशेपेच्याच रकान्यात राहिलं, कारण वय फार असल्यामुळे तो अपवाद होता. मग तुळसा नावाची एक अवघडलेली बाई आली, तीही अपवाद. मग एक सुतार आला, त्याचं काम बुडत होतं. मग एक गृहस्थ आला, त्याला काहीच कारण नव्हतं, पण तो बिचारा शेजारच्याच्या वाटीकडे बघत होता. असे अपवाद करता करता भाद्रपद संपला. विश्रामरावांना वाटायचं, आपण नियम अगदी काटेकोर पाळतो, फक्त अधूनमधून माणुसकी म्हणून थोडी ढील देतो.

दिवाळीनंतर पीक निघालं आणि विश्रामराव अक्षरशः नाचले. पहिला तुकडा, ज्याला काहीही घातलं नव्हतं, तो चौघांत सरस होता. झुडपं कमरेएवढी वाढली होती. सुमतीबाईंच्या जिभेने त्याचा काढा त्रेचाळीस वाट्यांपर्यंत ओळखला. म्हणजे किराईत खाऱ्या जमिनीत विनाखत, विनाखर्च, नुसतं पावसावर उत्तम येतं! असं कुणी कधी लिहिलं नव्हतं. विश्रामरावांनी आठवडाभर बसून इंग्रजीत अहवाल लिहिला. खाली सही करताना 'व्ही. एल. ताम्हाणे, कल्याण' ही अक्षरं छापल्यावर कशी दिसतील ते पाहायला त्यांनी ती वेगळ्या कागदावर सुटी सुटी काढून बघितली.

कमिटीचे एक डॉक्टरसाहेब त्या पंधरवड्यात ठाण्याला मुक्कामाला यायचे होते. आगगाडीच्या हादऱ्यांनी बाटल्यांतला गाळ ढवळेल म्हणून विश्रामरावांनी पंढरीच्या होडीतून जायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी ते होडीची वेळ पक्की करायला शीळच्या वाटेने गेले. सखुबाई अंगणात जवळा पाखडत बसली होती.

"माजा पयला कसा काय झाला, डागदरबाबा?" तिने कौतुकाने विचारलं.

"सरस! चौघांत पहिला. कुणी काही न घालता."

सखुबाईचे हात थांबले. "न घालता कशाला? रोज मासली धुतलेला पानी घालतू मी त्याला. चुलीची राख घातली. दर आयतवारी जवल्याचा चुरा घातला. बाकीच्या तिघांना तुमी वाढलाव, त्याला कोन हाय मंग?"

विश्रामरावांना क्षणभर काही कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांचा आवाज चढला. "मी बजावून सांगितलं होतं! पहिल्याला काही द्यायचं नाही म्हणून!"

"सांगितलाव तवा मी काय बोललू नाय, यो खरा," सखुबाई म्हणाली. ती घाबरली नव्हती आणि ओशाळलीही नव्हती. "पन चौघां एका वलीत बसल्यान. तिघांचे पानात वाढाचा नि एकाला बगत बसवाचा? आमचे घरान असा पंक्तिप्रपंच कवा झाला नाय. मना जेवान जात नव्हता, बाबा."

"अहो, ती माणसं नाहीत, जमीन आहे!"

"माजे हातची हाय," सखुबाई म्हणाली.

विश्रामराव तिला पुष्कळ बोलले. शास्त्र म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, एका माणसाच्या भाबडेपणाने बाकीच्यांची मेहनत कशी पाण्यात जाते, सगळं बोलले. घरी येऊन ते सुमतीबाईंना म्हणाले, "आता करू काय? अहवालातला जीवच गेला."

"कुणाला ठाऊक आहे ते?" सुमतीबाई पापड गोळा करता करता म्हणाल्या.

"मला आहे."

"मग झालं तर. तुम्हाला आणि मला. आणि सखूला." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "आणि आता मला विचारूच नका. माझी जीभ कडूपुरतीच नेमली आहे तुम्ही."

पहाटे ओहोटीबरोबर होडी निघाली. बाटल्या गवतात गुंडाळून विश्रामरावांनी मांडीवर घेतल्या होत्या. अहवाल कोटात होता. त्यातली एकही ओळ त्यांनी बदलली नव्हती. मनाशी त्यांनी ठरवून टाकलं होतं, की एका बाईने थोडं मासळीचं पाणी घातलं म्हणून काही शास्त्र बुडत नाही.

पंढरी वल्हं मारता मारता खुशीत बोलत होता. गावात प्रयोगाचा बोलबाला झाला होता. दगडू आणि धाकू हे त्याचे चुलतभाऊ येत्या साली वरीचं शेत मोडून तिथे किराईत लावणार होते. "मी बोललू त्यांना, खत घालूच नका. डागदरबाबानी कागदावर लिवलाय, खताबिगर येतंय. त्यांनी शेन पन विकून टाकला."

विश्रामराव बाटल्यांकडे बघत राहिले.

ठाण्याला तळ्याकाठच्या एका बंगल्यात डॉक्टरसाहेब उतरले होते. मनुष्य वयस्कर, पगडीवाला, मितभाषी. विश्रामराव खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. साहेबांनी कडूपणाची रीत वाचली आणि तिथेच वाट्या मागवल्या. बाविसाव्या वाटीला त्यांनी हार मानली. "तुमच्या घरचं यंत्र आमच्याकडे नाही," ते म्हणाले, आणि विश्रामरावांना कळेना की हसावं की नाही. मग ते शेतीच्या पानावर आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"विनाखत?" साहेब म्हणाले. "ताम्हाणे, हे मी जसंच्या तसं छापणार. तुमच्या नावानिशी."

सबंध आयुष्य ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य असं समोर येऊन उभं राहिलं. नुसती मान हलवायची होती. विश्रामरावांनी मान हलवायला म्हणून वर केली, तर डोळ्यांसमोर दगडूचं वरीचं शेत आलं.

"साहेब, त्या तुकड्याला जेवण मिळत होतं," ते म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. राख, जवळा, मासळीचं पाणी, पंक्तिप्रपंच. साहेब शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी शेतीचं पान बाजूला ठेवून तापाचा तक्ता ओढला. "हरकत नाही. हा तर तुमच्या स्वतःच्या हातचा आहे ना? या रकान्यातल्या चाळीस लोकांना नुसती बडीशेपच दिलीत?"

विश्रामराव 'हो' म्हणणार होते. ते तक्त्यावर वाकले. रंगूबाई. तुळसा. सुतार. शेजाऱ्याच्या वाटीकडे बघणारा तो गृहस्थ. बोट खाली खाली सरकत गेलं आणि नुसती बडीशेप प्यालेला माणूस शोधू लागलं. सहा सापडले. काल सखुबाईला शिस्तीवर जे जे बोललो ते सगळं त्यांना एकेक शब्दानिशी आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "ते सगळे एका ओळीत बसले होते."

साहेबांनी तोंड खिडकीकडे, तळ्याच्या बाजूला वळवलं. मिशीत हसत होते की काय, ते विश्रामरावांना मान खाली असल्यामुळे दिसलं नाही. "दोन्ही तक्ते पुन्हा करून आणा," ते म्हणाले. "एक साल थांबतो मी."

परतीच्या वाटेवर पहिलं काम त्यांनी केलं ते दगडू आणि धाकूच्या दारात जाऊन, खताशिवाय काही लावू नका, असं सांगण्याचं. दोघांनीही त्यांच्याकडे जरा संशयाने पाहिलं. विकलेलं शेण परत आणायला धाकूची बायको गावभर फिरली आणि डागदरबाबांचा उद्धार करत फिरली. ते त्यांनी ऐकून घेतलं.

मग ते सखुबाईकडे गेले. बोलायला अवघड जात होतं. "सखुबाई, चुकलं माझं. मीही तेच करत होतो."

"मना ठावं हाय," सखुबाई म्हणाली. "रंगूबाय बाजारान भेटल्ली. बोलली, डागदरबाबा लय खोटारडा, एक वाटी दाखवतंय नि दुसरी पाजतंय."

"पण पुढच्या साली पुन्हा करायचं आहे. आणि एक तुकडा उपाशी ठेवावाच लागेल. काही तरी वाट काढा."

सखुबाईने विचार केला. तिला त्या माणसाची दया आली असावी. "मंग त्याला उपास धराला लावा," ती म्हणाली. "उपास धरलेल्याला कोन वाढतंय? त्याला वाढला तं उलटा पाप. पन त्याला वलीत नका बसवू. परता बसवा."

आणि तसंच झालं. पुढल्या आषाढात तीन तुकडे बांधाच्या अलीकडे आखले आणि एक बांधापलीकडे, बाकीच्यांचं ताट दिसणार नाही असा. एकादशीच्या सकाळी सखुबाईने त्या तुकड्याच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि त्याला सांगितलं, की बाबा, कार्तिकापर्यंत तुझा चातुर्मासाचा नेम, पाण्याबिगर तोंडात काही घ्यायचं नाही. विश्रामरावांनी ते वहीत 'दक्षता घेतली' असं इंग्रजीत लिहिलं. त्या चार महिन्यांत त्या तुकड्याजवळ कुणाची बिशाद नव्हती. पंढरीची शेळी एकदा तिकडे लेंड्या टाकून आली, तेव्हा सखुबाईने बसून त्या एकेक वेचून काढल्या, आणि शेळीला बोल लावला तो वेगळाच.

तापाच्या तक्त्याचं मात्र जमेना. विश्रामराव रोज सकाळी दोन रकाने पाडायचे आणि ओट्यावर गेले की त्यांचा हात काढ्याच्याच घंगाळाकडे जायचा. भाद्रपदात एका सकाळी ओट्याच्या टोकाला घोंगडी पांघरून सखुबाई बसलेली दिसली. डोळे लाल, ओठ फुटलेले. पंढरीने तिला गाडीत घालून आणलं होतं.

विश्रामराव वाटी घेऊन धावले. तिने ती हाताने बाजूला केली.

"मना ते बडीशेपेचा द्या," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता. "तुमचे वहीन उपाशी मानसां कमी हाइत ना? मी धरते उपास. माजा नाव लिवा."

विश्रामराव तिथेच गुडघ्यावर बसले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. इतक्या माणसांत त्यांच्या शास्त्राला खरोखर मदत करायला कुणी पुढे आलं असेल तर ती ही बाई, आणि तिची मदत घ्यायची त्यांची छाती होईना.

"तुकड्याला नेम चालतो, सखुबाई," ते म्हणाले. "तुम्हाला नाही चालणार. घ्या, प्या."

"तुमचा पुस्तक?"

"असू दे."

तिने काढा घेतला. कडू लागला म्हणून एक सणसणीत शिवीही दिली. आठवड्याने तिचा ताप उतरला. तो काढ्याने उतरला, की तिच्या अंगच्या चिवटपणाने, की तापाचे दिवस भरले म्हणून, हे सांगायला शास्त्राकडे काही साधन उरलं नव्हतं, कारण विश्रामरावांनी त्याच दुपारी तापाचा तक्ता दुमडून काचेच्या पेटीच्या तळाशी ठेवून दिला होता. ओट्यावर मग पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना काढाच मिळू लागला. किराईताने ताप उतरतो हे विश्रामरावांना मनोमन पटलेलं होतं. ते सिद्ध कधीच झालं नाही, आणि ते आपल्याच हातामुळे झालं नाही, हे त्यांना मरेपर्यंत ठाऊक होतं.

कार्तिकात पीक निघालं. बांधाअलीकडचे तिन्ही तुकडे दाट आले. पलीकडच्या उपवाशाची झुडपं वीतभर, पिवळी, हातात धरताच मोडणारी. विश्रामरावांनी ते मोजलं, वजन केलं आणि एका पानात जसं होतं तसं लिहून ठाण्याला धाडलं.

दीड वर्षाने पुस्तक आलं. जाडजूड, इंग्रजी, सहाशे पानांचं. विश्रामरावांनी ते दारातच उभं राहून चाळलं. चारशे अकराव्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात, एक ओळ होती: खाऱ्या जमिनीत हे झाड खताशिवाय येत नाही, असे कल्याणचे व्ही. एल. ताम्हाणे कळवितात. बाकी पारनाका, पेटी, वाट्या, सुमतीबाईंची जीभ, कशाचाच मागमूस नव्हता.

सुमतीबाईंनी ती ओळ वाचून घेतली. काही तरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग त्या आत जाऊन देवापुढे साखर ठेवून आल्या.

विश्रामराव पुस्तक बगलेत मारून शीळच्या वाटेने चालत निघाले. सखुबाई शेताच्या कडेला खताचा खड्डा भरत होती. तिने हात पुसले आणि ते पान लांबूनच, पुस्तकाला माती लागू नये अशा बेताने पाहिलं. त्यांनी ती ओळ मराठीत करून वाचून दाखवली.

"यो तं मी पयल्या दिशीच बोललू," ती म्हणाली. "यो सांगाला तीन सालां लागली तुमाला?"

"लागली," विश्रामराव म्हणाले.

"माजा नाव हाय काय तठं?"

"नाही, सखुबाई."

"असूं दे. तुमचा तं हाय."

विश्रामराव बांधावर बसले. त्यांनी कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली, गुडघ्यावर पुस्तक उघडलं आणि त्या छापील ओळीखाली, समासात, सावकाश, वळणदार अक्षरांत काही तरी लिहिलं.

"काय लिवला?" सखुबाईने विचारलं.

त्यांनी वाचलं. "सखुबाई पंढरी मढवी यांनी हे आधीच सांगितले होते."

सखुबाईने ते एकदा परत वाचायला लावलं. आपलं नाव कुठून कुठपर्यंत आहे ते बोटाने दाखवायला सांगितलं. मग "आता बराबर झाला," म्हणाली आणि टोपली उचलून खड्ड्याकडे गेली.